हॉटेल मॅनेजमेंटचे नवे पदवीधर छोट्या रिसॉर्टमध्ये टिकत नाहीत, तर त्यांना घ्यावे की नाही?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मालवणजवळ आपले ३२ खोल्यांचे रिसॉर्ट आहे आणि एकूण कर्मचारी ३८ आहेत. गेल्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर, आपण हॉटेल मॅनेजमेंटचे चार पदवीधर घेतले. पगार दरमहा १४,००० रुपये आणि राहणे-जेवण आपल्याकडे, असे ठरले होते. त्यांपैकी एक मुलगा नाताळच्या आधीच गेला, दोघे फेब्रुवारीत गोव्यातील मोठ्या हॉटेलांत रुजू झाले, आणि कुडाळची एक मुलगी तेवढी हाउसकीपिंगमध्ये टिकली. यापुढे पदवीधरांचा नाद सोडून गावातील मुलेच शिकवून तयार करावीत का, आणि पदवीधर घ्यायचेच झाले तर दोन वर्षांचा बाँड लिहून घेऊन त्यांची मूळ प्रमाणपत्रे ठेवून घ्यावीत का, असे आपण विचारले आहे.

मी स्वतः 'दादर कॅटरिंग'चा विद्यार्थी. १९५४ साली मुंबईत सुरू झालेली ती संस्था या क्षेत्रात अजूनही याच नावाने ओळखली जाते. तिथून बाहेर पडल्यावर सव्वीस वर्षे मी याच धंद्यात आहे. पहिली सहा वर्षे हाउसकीपिंगमध्ये गेली, त्यानंतर नोकरभरती व प्रशिक्षण पाहिले, आणि गेली काही वर्षे महाबळेश्वर व गोव्यात मध्यम आकाराच्या हॉटेलांचे व्यवस्थापन केले. पुढे जे लिहितो आहे ते या अनुभवावर आधारलेले आहे. दोनशे खोल्यांच्या शहरी हॉटेलाला त्यातील काही गोष्टी लागू होणार नाहीत.

पदवीधर की गावातील मुले, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. ही चार माणसे नेमकी कोणत्या कामासाठी घेतली होती, हे आधी पाहायला हवे. आपण लिहिता की नेमणूकपत्रावर 'सुपरवायझर' असे पद होते, पण प्रत्यक्षात त्यांनी काउंटर सांभाळला, सामान उचलले आणि सकाळच्या नाश्त्याच्या बशा उचलल्या. बशा उचलण्यात कमीपणा नाही. मी स्वतः दोन वर्षे न्हाणीघरे घासली आहेत. परंतु ज्याला पत्रावर सुपरवायझर म्हटले त्याच्याकडून केवळ बशा उचलून घेतल्या की त्याला फसवल्यासारखे वाटते, आणि ज्यांच्यावर त्याने देखरेख करायची त्या जुन्या कर्मचाऱ्यांना तो पहिल्याच दिवसापासून डोळ्यांत खुपतो. एका खोट्या पदनामाने आपण दोन्ही बाजू दुखावल्या.

पदवीत काय मिळते आणि काय मिळत नाही, हेही एकदा स्पष्ट करून घ्यावे. तीन किंवा चार वर्षांच्या अभ्यासक्रमात फ्रंट ऑफिस (स्वागताचा काउंटर), हाउसकीपिंग (खोल्यांची देखभाल), फूड अँड बेव्हरेज सर्व्हिस (खाणे-पिणे वाढणे) आणि फूड प्रॉडक्शन (स्वयंपाक) हे चार मुख्य विभाग शिकवले जातात आणि मध्ये काही महिन्यांचे इंडस्ट्रियल ट्रेनिंग, म्हणजे हॉटेलात प्रत्यक्ष काम करून शिकणे, असते. त्यामुळे मुलाला प्रत्येक विभागातील थोडे थोडे कळते, पण हात एकाही कामात बसलेला नसतो. सराईत रूम अटेंडंट एका पाळीत चौदा ते सोळा खोल्या आवरतो. नवा पदवीधर पहिल्या आठवड्यात सहा-सात खोल्यांवर थकतो. यात त्याचा दोष नाही, कारण पदवीने वेग देण्याचे वचन कधी दिलेलेच नसते. पदवी जे देते ते वेगळे आहे: पदार्थाची किंमत कशी काढावी, भांडारातील मालाची नोंद कशी ठेवावी, परदेशी पाहुणा आल्यास त्याची माहिती २४ तासांच्या आत सरकारला का कळवावी लागते, कच्चे मांस व शिजवलेले अन्न शीतकपाटात कोणत्या कप्प्यांत ठेवावे. हे काम आपल्याकडे असेल आणि ते आज कुणीच करत नसेल, तर पदवीधर घेण्यात अर्थ आहे. नसेल, तर आपण महागडा वेटर घेत आहात आणि तो जाणारच.

अर्थात काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. आपले स्वयंपाकघर कितपत मोठे आहे, रोजचा कारभार आपण स्वतः पाहता की व्यवस्थापक, पावसाळ्यात रिसॉर्ट चालू असते की बंद, गोव्याचा विमानतळ आणि तिथली हॉटेले आपल्यापासून किती तासांवर आहेत, यांवर उत्तर बदलेल. विशेषतः शेवटचा मुद्दा आपल्या हातात नाही. मोपाचा विमानतळ २०२३च्या जानेवारीत वाहतुकीला खुला झाल्यापासून उत्तर गोव्यातील हॉटेले आणि सिंधुदुर्ग यांच्यातील अंतर नोकरी शोधणाऱ्या मुलाच्या मनात आणखी कमी झाले आहे. तिथे मोठ्या ब्रँडचे नाव मिळते, टिप्स मिळतात आणि सुट्टीच्या दिवशी जाण्यासारखी शहरे आहेत. त्यांच्याशी पगारात स्पर्धा करू नका, हराल.

आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचा शब्द मला 'ऑक्टोबर' वाटला. पदवीच्या अंतिम परीक्षा उन्हाळ्यात संपतात आणि निकाल साधारण जून-जुलैत लागतात. मोठ्या हॉटेल कंपन्या त्याआधीच महाविद्यालयांत जाऊन आपली माणसे निवडून ठेवतात. त्या निवडीत न आलेली, परंतु उत्तम असलेली कितीतरी मुले जुलैत घरी बसलेली असतात. ऑक्टोबरात मात्र जी मुले मोकळी असतात त्यांतील बरीचशी एखादी नोकरी सोडून आलेली असतात, आणि ती का सोडली हे विचारायला दिवाळीच्या धांदलीत कुणाला वेळ नसतो. शिवाय कामावर आल्याच्या आठव्या दिवशी सगळ्या खोल्या भरलेल्या, पुण्या-मुंबईची कुटुंबे दारात आणि शिकवायला कुणी नाही, अशा अवस्थेत त्यांना लोटले जाते.

याउलट आपल्या किनाऱ्यावरचे चक्र पाहा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, पावसाळ्यात जलक्रीडा थांबतात, पाहुणे तुरळक होतात. आपण त्या महिन्यांत माणसे कमी करता. मी त्याच महिन्यांत पदवीधर घ्यावेत असे म्हणतो. जुलैच्या मध्यावर रुजू झालेल्या मुलाला गणपतीच्या आधी खोल्या, गणपतीनंतर काउंटर आणि नवरात्रापर्यंत रेस्टॉरंट, असे तिन्ही ठिकाणी उभे राहून हात बसवायला पुरेसे दिवस मिळतात. या अडीच महिन्यांचा पगार वाया गेला असे वाटेल, पण दिवाळीत मिळालेल्या चार वाईट अभिप्रायांपेक्षा तो स्वस्त पडतो. महाबळेश्वरला पावसाळ्यात हॉटेल जवळजवळ रिकामे असते. तिथे आम्ही पुढे याच हिशेबाने माणसे घेऊ लागलो. पण ते शहाणपण मला एका चुकीनंतर आले.

ती चूक सांगतो. त्या हॉटेलात पहिल्या वर्षी मी फ्रंट ऑफिससाठी तीन मुले निवडली. तिघांचेही इंग्रजी अस्खलित, सूट व्यवस्थित, हसणे नेमके. मुलाखत प्रत्येकी वीस मिनिटे झाली आणि मी खूश झालो. ज्या मुलीला मी नाकारणार होतो ती संगमनेरकडची होती, इंग्रजीत अडखळत होती आणि बोलताना खाली पाहत होती. केवळ हाउसकीपिंगमध्ये जागा रिकामी होती म्हणून मी तिला एक खोली दाखवून 'आवरून दाखव' म्हटले. तिने पलंगाची चादर लावली, ती फार सुबक नव्हती. मग न सांगता तिने न्हाणीघरातील नळ सोडून पाहिला, गीझर लावला, फ्लश ओढला आणि बाहेर येऊन म्हणाली, 'सर, पाणी निघायला वेळ लागतोय, जाळीत केस असतील.' मी ती खोली सकाळीच स्वतः तपासलेली होती. अस्खलित इंग्रजीवाले तिघे दुसऱ्या पावसापर्यंत निघून गेले. ती मुलगी चार वर्षांनी तिथली असिस्टंट हाउसकीपर झाली. तेव्हापासून केवळ बोलण्यावरून मी कुणालाही घेतलेले नाही.

म्हणून निवडीसाठी अर्धा दिवस काढा आणि उमेदवाराला तेवढ्या वेळाचे मानधन द्या. आधी इंडस्ट्रियल ट्रेनिंगचे लॉगबुक पाहा आणि विचारा की, कोणत्या विभागात किती आठवडे होता आणि रोज नक्की काय करत होता. 'खूप काही शिकायला मिळाले' असे उत्तर आले तर पुढे सरका. 'तीन आठवडे फक्त कटलरी पुसली, गरम पाण्यात थोडे व्हिनेगर घालून' असे उत्तर देणारा मुलगा खरे बोलतो आहे आणि त्याने कंटाळवाणे काम केले आहे, हे दोन्ही कळते. त्यानंतर एक खोली आवरायला द्या. वेग पाहू नका, न सांगितलेले काय तपासले ते पाहा. मग एखाद्या नाराज पाहुण्याचा खरा ऑनलाइन अभिप्राय देऊन त्याला वीस मिनिटांत मराठीत व इंग्रजीत उत्तर लिहायला सांगा. आपले बहुतेक पाहुणे मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगावकडचे असणार. त्यांच्याशी आजी-आजोबांच्या गुडघेदुखीपासून मुलाच्या तिखट न खाण्यापर्यंत मराठीत नीट बोलता येणे ही आपल्याकडे इंग्रजीइतकीच मोठी पात्रता आहे. शेवटी त्याला स्वयंपाकघरात कर्मचाऱ्यांबरोबर जेवायला बसवा. तो मावशींशी आणि भांडी घासणाऱ्या पोराशी कसा बोलतो, हे जेवणाच्या पंगतीत जितके दिसते तितके मुलाखतीच्या टेबलावर दिसत नाही.

याहून खात्रीची निवड एकच आहे, ती म्हणजे स्वतःच्या रिसॉर्टमध्ये इंडस्ट्रियल ट्रेनी घेणे. मुलगा काही महिने आपल्या डोळ्यांसमोर काम करतो. इतकी लांब मुलाखत दुसरी असूच शकत नाही. सगळी महाविद्यालये छोट्या रिसॉर्टमध्ये मुले पाठवत नाहीत, तेव्हा प्रशिक्षण अधिकाऱ्यांना आधी भेटून त्यांच्या अटी समजून घ्या आणि ट्रेनीला चारही विभागांत फिरवाल असे लेखी द्या. ते पाळा मात्र. फुकटचे हात म्हणून ट्रेनी वापरणाऱ्या हॉटेलाचे नाव पुढच्या तुकडीत पसरायला एक व्हॉट्सॲप गट पुरतो. दुसरा मार्ग शिकाऊ उमेदवारीचा आहे. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, म्हणजे ३८ माणसांचे आपले रिसॉर्ट त्यात येतेच. स्टायपेंडचे चालू दर व नोंदणी आपल्या कर सल्लागाराकडून एकदा तपासून घ्या.

आता माणूस आला, पुढे काय? छोट्या हॉटेलात पदवीधर टिकतो की जातो हे बहुतांशी जुन्या कर्मचाऱ्यांवर ठरते. आपल्या स्वयंपाकघरात पंधरा वर्षांपासूनचा आचारी आहे असे आपण लिहिले आहे. त्याची सोलकढी आणि सुरमईचे तिखले खायला लोक परत येतात, पण तो काहीही लिहून ठेवत नाही आणि त्याची सुट्टी असली की तक्रारी येतात. अशा माणसाच्या डोक्यावर बावीस वर्षांचा मुलगा 'शेफ' म्हणून बसवला की दोघेही बिघडतात. मी पहिले दोन महिने पदवीधराला अशा आचाऱ्याचा हाताखालचा माणूस म्हणूनच ठेवतो आणि हे दोघांनाही समोरासमोर सांगतो. मुलगा त्यांना काका म्हणेल, नारळ खवेल, मासे साफ करेल. त्याच वेळी त्याच्याकडे एक वही असेल. एक किलोच्या सुरमईतून डोके, पोट आणि शेपटी वगळता किती ग्रॅम तुकड्या निघाल्या, ताटात किती गेल्या, त्या दिवशी बाजारात भाव काय होता, आमसुले किती आणि नारळाचे दूध किती, हे तो रोज लिहील. दोन महिन्यांनी आपल्याला प्रत्येक ताटाची खरी किंमत कळते. जेवणाच्या विक्रीत कच्च्या मालाचा खर्च तीस-पस्तीस टक्क्यांच्या आसपास असावा असे आम्ही धरतो. अनेक मालकांना तो किती आहे हेच ठाऊक नसते. आचाऱ्यालाही कळते की हा पोरगा आपली जागा घ्यायला आलेला नाही, आपली सुट्टी सुखाची करायला आला आहे. माझ्या मते पदवीचा छोट्या रिसॉर्टला होणारा सर्वांत मोठा उपयोग हाच, आणि फार थोडे मालक तो करून घेतात.

हाउसकीपिंगमध्येही तेच करावे. पदवीधर मुलीने आधी मावशींच्या जोडीने खोल्या आवराव्यात, मग लिननचा, म्हणजे चादरी-अभ्रे-टॉवेलांचा, हिशेब, लॉन्ड्रीत हरवणाऱ्या टॉवेलांची नोंद आणि खोल्यांच्या दुरुस्तीची यादी तिच्याकडे सोपवावी. अन्नसुरक्षेचे कामही पदवीधराला द्यावे. दर २५ अन्न हाताळणाऱ्यांमागे एक प्रशिक्षित अन्नसुरक्षा पर्यवेक्षक असावा अशी अपेक्षा आहे, आणि ते प्रशिक्षण अशा मुलाला सहज पूर्ण करता येते.

राहण्याच्या जागेबद्दल आपण 'राहणे आपल्याकडे' एवढेच लिहिले आहे. नोकरी सोडून गेलेल्या मुलांना मी निवांत विचारले तेव्हा पगारापेक्षा अधिक वेळा जे ऐकले ते असे: आठ जणांची खोली, एक पंखा, पाच वाजता उठणाऱ्या पाळीबरोबर रात्री एकला आलेल्याची झोपमोड, आणि ब्रेक शिफ्टमध्ये दुपारी जायला जागाच नाही. सोडताना दिलेल्या पत्रात मात्र प्रत्येकाने 'घरगुती अडचण' असेच लिहिले होते. सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी सात ते अकरा अशी ब्रेक शिफ्ट लावणार असाल तर ते मुलाखतीतच सांगा आणि मधल्या वेळी पडायला स्वच्छ जागा द्या. आठवड्याची एक सुट्टी भर हंगामातही चुकवू नका; फार तर वार बदला. मुलींना रात्रपाळी द्यायची असेल तर त्यांची लेखी संमती, ने-आण आणि काउंटरवर सोबत हे सर्व आधी ठरवावे. दहा किंवा अधिक कर्मचारी असल्यामुळे २०१३च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती आपल्याकडे असायलाच हवी. मुलीचे आईवडील पहिल्या फोनवर याचीच चौकशी करतात आणि त्यांनी ती करावीच.

बाँडबद्दल माझे मत ठाम आहे. मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेऊ नका. दुसऱ्याचे कागद अडवून ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही, आणि ज्याची पदवी आपल्या कपाटात कुलूपबंद आहे तो पाहुण्याशी मनापासून हसणार नाही. आपली नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करण्यास मनाई करणारी अट भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही. प्रशिक्षणावर खरोखर झालेला खर्च मागणे ही वेगळी बाब आहे, पण १४,००० पगाराच्या मुलामागे कोर्टात कोण जाणार? त्याऐवजी मी असे करतो. बारा महिने पूर्ण झाल्यावर एक महिन्याचा पगार बक्षीस आणि अठरा महिने झाल्यावर आणखी एक, हे नेमणूकपत्रातच लिहितो. टिप्सची पेटी सामाईक ठेवतो आणि तिचा हिशेब दर आठवड्याला भिंतीवर लावतो. बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावण्यास ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली मनाई केल्यापासून तर कर्मचाऱ्याच्या दृष्टीने टिप्सचे वजन वाढले आहे.

अठरा महिने हा आकडा मी मुद्दाम लिहिला. चांगला पदवीधर आपल्याकडे दहा वर्षे राहील ही अपेक्षाच सोडून द्या. अनेकांना क्रूझवर किंवा आखातात जायचे असते आणि तिथे बहुधा एक-दोन वर्षांचा अनुभव मागतात. तेव्हा मुलाखतीतच त्याला स्पष्ट विचारावे की, दोन वर्षांनी कुठे जायचे आहे; आणि तितक्याच स्पष्टपणे सांगावे की, अठरा महिने नीट काम केलेस तर अनुभवपत्रावर प्रत्येक विभागाचे नाव आणि महिने लिहून देईन, तू जिथे अर्ज करशील त्या हॉटेलाचा फोन आला तर मी स्वतः बोलेन. माझ्या अनुभवात, जाण्याची मोकळीक दिलेली मुले बाँड लिहून दिलेल्यांपेक्षा अधिक काळ राहिली, आणि जाताना आपल्या जागी धाकटा भाऊ किंवा वर्गमित्र देऊन गेली.

गावातील मुलांविषयी आपला विचार योग्यच आहे, फक्त त्यासाठी पदवीधरांना नाकारण्याची गरज नाही. ३२ खोल्यांच्या रिसॉर्टला एका वेळी चार पदवीधर खूप झाले. चौघांना पुढे सरकायला जागा नाही आणि चौघे मिळून एक वेगळा कंपू होतो. दोन घ्या: एक स्वयंपाकघर व भांडार यांसाठी, एक खोल्या व काउंटर यांसाठी. बाकी जागा बारावी झालेल्या स्थानिक मुलामुलींना द्या आणि त्यांना शिकवणे हे त्या दोघांच्या कामात लिहूनच टाका. ज्या वर्षी रोजचा कारभार पाहायला आपण स्वतः तिथे नसाल आणि व्यवस्थापकही नवा असेल, त्या वर्षी मात्र एकही नवा पदवीधर घेऊ नका. त्याला शिकवणारे कुणी नसेल.

आणि कुडाळची जी मुलगी टिकली तिच्याविषयी आपण एकच ओळ लिहिली आहे. येत्या जूनमध्ये जाहिरात देण्याआधी तिच्याशी तासभर बोला. बाकीचे तिघे रात्री खोलीवर काय बोलत होते हे तिला माहीत आहे, आणि ती का राहिली हेही. तिचा पगार वाढवा, तिचे खरे काम पत्रावर लिहा आणि पुढच्या उमेदवारांना खोली आवरायला द्याल तेव्हा तपासायला तिलाच पाठवा.